ब्रेकची डिस्क 'बेंड' होते म्हणजे काय होतं? न्यूट्रलवर घाट उतरणाऱ्यांनी जरूर वाचा

घाटमाथा
काल इथे एकांनी लिहिलं होतं, "डबक्यातून गाडी गेली की तापलेली डिस्क बेंड होते. नवी टाका, विषय संपला. घाट न्यूट्रलवर उतरा, पेट्रोल वाचतं." खाली 'बरोबर, बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती; दोन्ही बाजूंनी पॅड तिला दाबतात आणि गाडी थांबते. माझ्या गाडीचं स्टिअरिंग ८० च्या वेगाला ब्रेक दाबला की थरथरायचं. दोन वर्षांत दोनदा पुढच्या डिस्कची जोडी बदलली. दोन्ही वेळा चार-पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दुसऱ्या गॅरेजात गेलो. त्या माणसाने डिस्क उतरवून हब, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते ती बैठक, दाखवला. गंजाचे पापुद्रे नखाने निघत होते. अशा गंजावर नवी डिस्क चढवली तर ती सरळ बसणार कशी? मोजायचा डायल लावला तर कडेला ०.१ मिलिमीटर डुलत होती.

डुलणारी डिस्क ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला पॅडला त्याच जागी चाटते. ती जागा हळूहळू झिजते. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला तरी पायाला कळतो. म्हणजे डिस्क वाकलेली नसते, जाड-पातळ झालेली असते. दुखणं बाहेर यायला काही हजार किलोमीटर लागतात, तोवर मूळ काम कोणी केलं होतं हेच आपण विसरलेले असतो.

आणि पंक्चरवाल्यांची एअर गन! छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चाकाचे नट किती जोराने आवळायचे तो आकडा साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. गनने एक नट गच्च, शेजारचा सैल. डिस्क त्या ताणाने तिरकी बसते. समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराएवढंच आवळणारा पाना) आवळून घ्या.

जुना_स्टिअरिंग
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. ३१ वर्षं गाडी चालवतोय. २०१९ च्या पावसाळ्यात आंबोली उतरलो, खाली पाण्यात गाडी गेली, चर्र आवाज झाला, वाफ आली. दुसऱ्या दिवसापासून पेडल पायाखाली उड्या मारायला लागलं. डोळ्यांनी बघितलेलं खोटं का? कोकणात कोणाच्या हबवर गंज नाही ते दाखवा. टॉर्क रेंच घेऊन पंक्चर काढायला कोण जातं?

शिरोली_मशीनशॉप
मी जातो. डिकीतच असतो.

काका, वाफ दिसली हे खरं असणार. डिस्कचं बीड (ओतीव लोखंड) लालबुंद असताना एका जागी थंड पाणी पडलं तर ते धोक्याचंच. पण फिरत्या डिस्कवर पाणी सगळीकडे उडतं. त्याहून वाईट म्हणजे घाट उतरून लगेच गाडी धुवायला लावणं, उभ्या डिस्कवर पाइपची धार. आमच्याकडे फेसिंगला (लेथवर घासून सपाट करायला) येणाऱ्या बऱ्याच डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग असतो. घाट उतरायचा, टपरीपुढे थांबायचं आणि ब्रेकवरचा पाय तसाच ठेवायचा. पॅडचा माल तिथे चिकटतो. पुढे ती जागा जास्त तापते आणि ६५०-७०० अंशांच्या वर गेली की बिडात कडक गाठ धरते. मग कितीही फेसिंग करा, गाठ झिजत नाही, आजूबाजूचं झिजतं. महिन्याभरात गिऱ्हाईक आमच्याच नावाने शिव्या देत परत. शिवाय डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तीसुद्धा कोणी वाचत नाही. त्याखाली गेलेली डिस्क फेसिंग करून मागू नका, मी देणार नाही.

प्रश्न हा आहे की तुमची डिस्क एवढी तापली कशाने?

जुना_स्टिअरिंग
घाट होता म्हणून तापली. आणि न्यूट्रलचा इथे काय संबंध? पेट्रोलचा भाव बघा. सगळेच करतात.

घाटमाथा
संबंध सगळा तिथेच आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद होतात. चाकं इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलला इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावं लागतं, त्याला पेट्रोल लागतंच. म्हणजे तुम्ही पेट्रोलही जाळता आणि डिस्कही.

जुना_स्टिअरिंग
कार्बोरेटरच्या गाडीत वाचायचं. मी स्वतः मोजलंय.

घाटमाथा
त्या गाड्या जाऊन वीस वर्षं झाली! नव्या पोरांना असलं शिकवू नका. माणसं मरतील.

जुना_स्टिअरिंग
वयाचा मान ठेवून बोला. माझ्या हातून आजवर एक अपघात नाही.

पोलादपूरची
माझ्या हातून होता होता राहिला. महाबळेश्वरहून आंबेनळीने माहेरी येत होते. गाडीत पाच जण, मागे सामान. न्यूट्रलवर, ब्रेकवर पाय. शिकवणाऱ्याने असंच शिकवलं होतं. अर्ध्या घाटात पेडल सरळ खाली गेलं. पंप केलं की जरासं लागायचं. दुसरा टाकला, मग पहिला, हँडब्रेक ओढत डोंगराच्या बाजूला घासून थांबले. आई तेव्हापासून पुढच्या सीटवर बसत नाही.

नंतर कळलं, ब्रेक ऑइल पाच वर्षं बदललंच नव्हतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलं झालं की १४० लाच. नळीत वाफ झाली की पेडल दाबून उपयोग काय? हिशेबच करा: १,४०० किलोची गाडी १,३०० मीटर खाली येते, म्हणजे पन्नास लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता. काही वारा-टायर खातील, पण इंजिन सोडवलंत की बाकी सगळी ब्रेकवर.

एएमटीवाला
आमचं काय? एएमटीत क्लच नाही, गिअर गाडीच बदलते. शोरूममध्ये 'डी' ला टाका आणि विसरा म्हणाले. मॅन्युअल मोडला खालचा गिअर धरता येतो हे मला दीड वर्षाने एका ट्रकवाल्याने सांगितलं. याचा राग अजून गेलेला नाही.

शिरोली_मशीनशॉप
ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. ब्रेक धरून ठेवू नका, दाबा-सोडा. खाली आल्यावर किलोमीटरभर ब्रेक न लावता चालवा. थांबलात की पाय काढा, पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकही ओढा, पुढच्या डिस्कला त्याचा त्रास नाही. पॅड एका बाजूलाच झिजत असतील तर कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या) पिना जाम आहेत, ग्रीस लावून घ्या.

जुना_स्टिअरिंग
आज गाडी दाखवली. हबवर गंज निघाला. डायलवर ०.०८. घासून परत बसवली तर ०.०३. एवढं तुमचं मान्य. पाण्याचं मात्र मी सोडणार नाही, वाफ मी बघितली आहे.

ताई, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते मलाही आठवेना. उद्या बदलतोय. रविवारी मुलगी तीच गाडी घेऊन आंबोलीने जाणार आहे, तिला गिअरवर उतरायला सांगितलंय.