नाशिकहून अहमदाबादच्या नव्या मोटेरा स्टेडियमवर: वयस्कर वडिलांना रेल्वे-मेट्रोने नेता येईल का?

गंगापूररोड_नाशिक यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या अण्णांनी नुकतीच पंच्याहत्तरी ओलांडली आहे आणि मोटेराच्या नव्या स्टेडियममध्ये एक तरी सामना प्रत्यक्ष पाहावा, अशी त्यांची मनापासूनची इच्छा आहे. मार्च १९८७ मध्ये सुनील गावसकरांनी पाकिस्तानविरुद्ध कसोटीतील दहा हजारावी धाव याच मैदानावर पूर्ण केली आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये कपिल देव यांनी ४३२ वा बळी घेऊन रिचर्ड हॅडली यांचा विक्रम मोडला तोही इथेच. या दोन्ही वेळचे धावते वर्णन अण्णांनी रेडिओवर ऐकलेले असून ते आजही जसेच्या तसे सांगतात. जुने स्टेडियम पाडून त्याच जागी १,३२,००० प्रेक्षक बसतील एवढे नवे बांधले गेल्यापासून हा विषय आमच्या घरी वरचेवर निघतो.

आमच्याकडे चारचाकी नाही आणि असती तरी एवढ्या लांब, अनोळखी शहरात, सामन्याच्या गर्दीत ती नेण्याचे धाडस मी केले नसते. अण्णांचे गुडघे दुखतात, परंतु काठी घेऊन सावकाश अर्धा तास ते चालू शकतात. घाटातील बसप्रवासाने मात्र त्यांना हमखास मळमळते. तेव्हा नाशिकरोडहून रेल्वेने जाण्याचा सोयीचा मार्ग कोणता, अहमदाबादला उतरल्यावर स्टेडियमपर्यंत मेट्रो खरोखर पोहोचवते की शेवटी रिक्षाच करावी लागते, आणि सामना रात्री उशिरा संपल्यावर लाखभर लोकांच्या गर्दीतून वयस्कर माणसाला सुखरूप मुक्कामी कसे आणावे, याविषयी प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जेलरोडकर

ताई, तुमचा तिसरा प्रश्न मी पहिला घेतो, कारण या प्रवासाची सगळी आखणी परतीवर अवलंबून आहे. जाताना प्रेक्षक तीन-चार तासांच्या अवधीत थोडे थोडे पोहोचतात. परतताना मात्र सगळे एकाच वेळी उठतात. अहमदाबादची मेट्रो तीन डब्यांची आहे. दाटीवाटीने भरली तरी एका गाडीत साधारण हजारभर माणसे मावतात. दर सहा मिनिटांना एक गाडी सोडली, तरी एका दिशेला तासाभरात दहा हजारांच्या आसपासच लोक जाऊ शकतात. स्टेडियममधून एक लाख लोक बाहेर पडत असतील, तर फलाटावर पोहोचायलाच किती वेळ लागेल, याचा अंदाज यावरून येईल. व्यवस्था चांगली आहे, पोलीस आणि मेट्रोचे कर्मचारी रांगा नीट लावतात, तरीही हे गणित कोणाला चुकवता येत नाही. म्हणून निकाल स्पष्ट दिसू लागल्यावर शेवटच्या काही षटकांआधीच निघावे, किंवा मग सामना संपल्यावर जागेवरच निवांत बसून गर्दी ओसरू द्यावी. मधल्या वेळेत वयस्कर माणसाला घेऊन लोटालोटीत शिरणे टाळावे. अण्णांना शेवटचा चेंडू पाहायचाच असणार, हे मी समजू शकतो. तेव्हा दुसरा मार्ग बरा.

आता मुक्कामाविषयी. मेट्रोचा उत्तर-दक्षिण मार्ग एपीएमसीपासून पालडी, गांधीग्राम, ओल्ड हायकोर्ट, उस्मानपुरा, विजयनगर, वाडज, राणीप, साबरमती असा मोटेरा स्टेडियमपर्यंत जातो आणि सप्टेंबर २०२४ पासून तोच पुढे गांधीनगरपर्यंत वाढवला आहे. मुक्काम याच मार्गावर, शक्यतो उस्मानपुरा किंवा गांधीग्रामजवळ, आश्रम रोडच्या परिसरात ठेवा, म्हणजे रात्री कुठेही गाडी बदलावी लागणार नाही. पुष्कळजण अहमदाबादचे मुख्य रेल्वे स्थानक जवळ म्हणून कालुपूरला मुक्काम करतात. कालुपूर पूर्व-पश्चिम मार्गावर असल्याने त्यांना ओल्ड हायकोर्टला गाडी बदलावी लागते, आणि मध्यरात्री थकलेल्या पायांनी ते जिने चढणे-उतरणे त्रासाचे होते. रात्रीच्या सामन्यांसाठी मेट्रोची वेळ वाढवली जाते. आयपीएलच्या सामन्यांना त्यासाठी ५० रुपयांचे वेगळे कागदी तिकीट ठेवण्यात आले होते, कुठेही उतरले तरी दर एकच. असे तिकीट उपलब्ध असेल तर ते जातानाच घेऊन खिशात ठेवावे, कारण रात्री खिडकीपुढची रांग फलाटाच्या रांगेपेक्षा मोठी असते.

नाशिकरोडहून अहमदाबादला रोजची सोयीची थेट गाडी नाही, त्यामुळे मुंबईमार्गेच जावे लागेल. सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेसने निघून दादरला उतरा. तिथून पश्चिम रेल्वेच्या लोकलने मुंबई सेंट्रल गाठा आणि दुपारची अहमदाबादकडे जाणारी गाडी पकडा. दुपारनंतर सुटणारी वंदे भारत घेतली तर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत अहमदाबाद येते. मधले काही तास प्रतीक्षालयात काढावे लागतात, पण अण्णांना जेवण आणि विश्रांती त्यातच होऊन जाते. सामन्याच्या आदल्या दिवशी पोहोचायचे, हे मात्र पक्के ठरवा. त्याच दिवशी पोहोचून थेट मैदानावर जाणे या वयात झेपणार नाही.

तिकीट काढताना आणखी एक काळजी घ्या. अहमदाबाद स्थानकाच्या पुनर्विकासाचे मोठे काम सुरू झाल्यापासून काही गाड्या कालुपूरऐवजी साबरमती, वटवा यांसारख्या स्थानकांवरून चालवल्या जातात, म्हणून तिकिटावरचे शेवटचे स्थानक नीट वाचावे. त्यातही साबरमती नावाची रेल्वे स्थानके दोन आहेत, एक धर्मनगरच्या बाजूला आणि दुसरे जेलच्या रस्त्याला. मेट्रोचीही ‘साबरमती रेल्वे स्टेशन’ आणि ‘साबरमती’ अशी दोन वेगवेगळी स्थानके आहेत. रिक्षावाल्याला नुसते साबरमती म्हटले तर तो तुम्हाला भलतीकडे नेऊन सोडू शकतो.

मेट्रो स्थानकापासून स्टेडियमच्या फाटकापर्यंत चालावे लागते. एरवी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. सामन्याच्या दिवशी अडथळे आणि तपासणीमुळे वेळ वाढतो. मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद केला जात असल्याने रिक्षाही लांबच सोडतात, म्हणजे त्या दिवशी रिक्षा करून चालणे वाचेल असे समजू नका.

पेठरोड_पंचवटी

जेलरोडकरांनी सांगितलेला मार्ग वयस्कर माणसासाठी योग्यच आहे, पण हा विषय वाचणाऱ्या तरुण मंडळींसाठी दुसरा पर्याय नोंदवून ठेवतो. मुंबईला वळसा घालून जाणे म्हणजे उत्तरेला जायचे असताना आधी दक्षिणेला उतरण्यासारखे आहे. पेठ, धरमपूरमार्गे वलसाडकडे किंवा सापुतारा, वासदामार्गे सुरतेकडे एसटीने जावे आणि तिथून पुढे रेल्वे धरावी. वलसाड आणि सुरत ही दोन्ही स्थानके मुंबई-अहमदाबाद मुख्य मार्गावर असल्याने दिवसभर गाड्या मिळतात. रात्रभर प्रवास करणाऱ्या थेट बसगाड्याही आहेत. त्यांतील खासगी गाड्या पुष्कळदा पालडीला सोडतात, आणि पालडीला मोटेराच्याच मार्गावरचे मेट्रो स्थानक आहे, ही मोठी सोय होय. एसटी मात्र गीतामंदिर बसस्थानकात जाते. तिथून रिक्षाने कालुपूर मेट्रोपर्यंत जावे लागेल.

पेठ रस्त्यावर सावळघाट आणि कोटंबी घाट, दुसऱ्या रस्त्यावर सापुताऱ्याचा घाट, अशी वळणे दोन्हीकडे असल्याने अण्णांसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. नाशिकच्या ओझर विमानतळाहून अहमदाबादला विमानसेवा आहे. तिचे वेळापत्रक आणि भाडे परवडत असेल तर वयस्करांसाठी त्याहून सुखाचा प्रवास नाही, आणि अहमदाबादचा विमानतळ मोटेरापासून फार लांबही नाही. मेट्रो मात्र विमानतळापर्यंत जात नाही.

इंदिरानगर_जुना_खेळाडू

प्रवासाविषयी वरती पुरेसे आले आहे. मला कोणता सामना निवडावा आणि कुठे बसावे, याबद्दल थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण एवढे अंतर कापून गेल्यावर खेळ नीट दिसला नाही तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो.

नव्या स्टेडियमचे वैशिष्ट्य असे की आत कुठेही खांब आडवा येत नाही आणि प्रकाशझोतांचे उंच मनोरेही नाहीत. सगळे दिवे छताच्या कडेने गोलाकार बसवलेले असल्यामुळे रात्री मैदानावर सावल्या जवळजवळ पडत नाहीत आणि उंच उडालेला चेंडू स्वच्छ दिसतो. मैदानाच्या मधोमध लाल आणि काळ्या मातीच्या मिळून ११ खेळपट्ट्या आहेत. इतके असले तरी आकार हा शेवटी आकारच असतो. वरच्या टप्प्यावरून मैदानाचे दृश्य भव्य दिसते, क्षेत्ररचना एका नजरेत कळते, पण फलंदाजाच्या मनगटाची हालचाल टिपता येत नाही आणि सगळे लक्ष मोठ्या पडद्याकडे जाऊ लागते. अण्णांसाठी खालच्या टप्प्याचेच तिकीट काढा. पायऱ्या कमी चढाव्या लागतील आणि प्रसाधनगृहाकडे जाणे-येणेही सोपे पडेल. खालच्या टप्प्यावर छताची सावली पुरेशी पोहोचत नाही, म्हणून टोपी आणि सुती उपरणे सोबत असू द्या. एप्रिल-मे महिन्यांत तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारी सुरू होणारा सामना पूर्ण टाळावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की अण्णांना आयपीएलला नव्हे, तर कसोटीला न्यावे. ज्यांच्या मनात गावसकर आणि कपिल आहेत, त्यांना कसोटीच भावेल, हे एक कारण झाले. दुसरे कारण पूर्णपणे व्यवहाराचे आहे. दिवसाच्या कसोटीचा खेळ संध्याकाळी थांबतो, गर्दी स्टेडियमच्या क्षमतेच्या मानाने बरीच कमी असते, लोक दिवसभरात आपापल्या सोयीने येतात-जातात, आणि मेट्रो नेहमीच्या वेळापत्रकाने चालू असते. वर मांडलेले हजार माणसांचे आणि लाख माणसांचे गणित त्या दिवशी तुम्हाला लागूच होत नाही. आपल्याकडे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना असतो तेव्हा सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, चालत जाऊन, वाटेल तितका वेळ बसून, जेवायला घरी परतता येते. मोटेरावर तेवढे सुख मिळणार नाही, पण कसोटीच्या दिवशी त्याच्या थोडे जवळ जाता येते.

तिकीट पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसाचेच घ्यावे. या मैदानावर कसोटी लवकर संपण्याची उदाहरणे आहेत. नव्या स्टेडियममधली पहिली कसोटी, फेब्रुवारी २०२१ मधली इंग्लंडविरुद्धची दिवस-रात्र लढत, दोनच दिवसांत संपली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना भारताने तिसऱ्याच दिवशी डावाने जिंकला. चौथ्या दिवसाचे तिकीट काढून नाशिकहून निघालेल्या माणसाला सुरतेपर्यंत पोहोचताच सामना संपल्याची बातमी मिळावी, हे फार क्लेशकारक होईल.

गंगापूररोड_नाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अण्णांना हे सगळे वाचून दाखवले. कसोटीचा मुद्दा त्यांना तत्काळ पटला. आता पुढच्या मोसमात तिथे कसोटी जाहीर झाल्यास दुसऱ्या दिवसाचे तिकीट, खालचा टप्पा, उस्मानपुऱ्याजवळ दोन रात्रींचा मुक्काम आणि जाताना पंचवटी एक्स्प्रेस, असे ठरवत आहोत. परतीला दुपारच्या गाडीने निघालो तर मुंबईला रात्र होईल. त्यापेक्षा दादरला नातेवाइकांकडे थांबून सकाळी नाशिकला येऊ. दोन शंका उरल्या आहेत. अण्णांची औषधे आणि पाणी आत नेऊ देतात का, आणि सामना नसलेल्या दिवशी स्टेडियम आतून पाहता येते का?

जेलरोडकर

पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी पिशवी आणि बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा फाटकावरच अडवतात, त्यामुळे या वस्तू खोलीवर ठेवूनच निघा. पिण्याचे पाणी आत मिळते. औषधे मूळ वेष्टनात, त्या दिवसापुरतीच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पारदर्शक पिशवीत ठेवा, आणि रांगेत उभे राहण्याआधीच तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला दाखवा. काठीबद्दलही तेव्हाच सांगून ठेवावे. तिकीट ऑनलाइन काढले तरी ते कागदी स्वरूपात ताब्यात घ्यावे लागते का, हे काढतानाच वाचा. तसे असेल तर आदल्या दिवशी पोहोचण्याचा आणखी एक उपयोग होईल. त्यावर छापलेला फाटकाचा क्रमांक पाहूनच मेट्रो स्थानकातून कोणत्या बाजूला वळायचे ते ठरवा, कारण परिसर ६३ एकरांचा आहे आणि चुकीच्या फाटकावर गेल्यास अण्णांना मोठा वळसा पडेल.

सामना नसलेल्या दिवशी आत प्रवेश मिळेल असे गृहीत धरून प्रवास आखू नका. दुसऱ्या सकाळी वेळ असेल तर साबरमती आश्रम पाहून या. तुमच्या मुक्कामापासून तो जवळ आहे, आणि सकाळी लवकर गेलात तर ऊनही लागणार नाही.