एमएसडब्ल्यूनंतर मनोरुग्णांसोबत काम करायचंय, एमफिल लागतंच का?

सोलापूरची_मी:
एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या मास्टर्सच्या, शेवटच्या वर्षाला आहे, फील्डवर्क सायकियाट्री ओपीडीत चालूय आणि पुढेही हेच करायचं पक्कं आहे. घरचे म्हणतात अजून दोन वर्षं शिकून शेवटी काउन्सेलिंगच करणार ना? एमफिलशिवाय चालतं का, आणि रोजचं काम नेमकं काय असतं?

वॉर्डातली_ताई:
२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर (मनोरुग्णांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता) म्हणजे एमएसडब्ल्यू अधिक दोन वर्षांचं फुलटाइम एमफिल असंच लिहिलंय. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी ही हे एमफिल शिकवणारी जुनी मनोरुग्णालयं. पण यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एमफिल बंद केलं, या कोर्सला फक्त २०२५-२६ पर्यंतची मुदत दिली होती, म्हणून फॉर्म भरायच्या आधी पुढे काय चालू आहे ते संस्थेलाच फोन करून विचार. स्वयंसेवी संस्थांमध्ये नुसत्या एमएसडब्ल्यूवरही घेतात.

गावोगाव_फिरणारा:
काउन्सेलिंग हा छोटा भाग आहे गं. पेशंट गोळ्यांवर स्थिर झालाय, घरी जायचं म्हणतोय आणि भाऊ फोनवर म्हणतो राहू द्या तिथंच, खर्च पाठवतो. ताईने सांगितलेल्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला हॉस्पिटलमध्ये ठेवता येत नाही, पण कायदा दाखवून कोणी दार उघडत नाही, तिथे आपणच जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि वहिनी का घाबरते ते आधी ऐकून घ्यायचं. मागच्या वेळी त्याने भांडी फेकलेली असतात आणि त्याआधी महिनाभर गोळ्या बंद असतात, हे कुणी जोडूनच पाहिलेलं नसतं. मग गोळ्या कोण देणार, संपल्यावर जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतील, झोप उडाली की कुणाला फोन करायचा हे सगळं त्यांच्यासमोर कागदावर लिहून द्यायचं. यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं कार्ड, संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांचा अर्ज हेही आपलंच काम, हातात थोडे पैसे आले की घरात त्याच्याशी बोलायची पद्धत बदलते, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

सोलापूरची_मी:
आणि तरीही नाहीच म्हणाले तर दादा?

गावोगाव_फिरणारा:
तर जबरदस्तीने सोडून यायचं नाही, त्याचे हाल होतात. मामा, बहीण, कोणीतरी असतं, ते शोधायचं. कोणीच नसेल तर हाफवे होमसाठी (हॉस्पिटल आणि घर यांच्या मधली राहायची सोय) सरकारच्या मागे लागायचं, ती सोय करणं त्याच कायद्याने सरकारवर टाकलंय. आणि पेशंटला दर आठवड्याला खरं सांगत राहायचं, कुठपर्यंत आलंय ते.

वॉर्डातली_ताई:
पगाराचंही विचारून घे, सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या पुष्कळ जागा कॉन्ट्रॅक्टवर असतात.