नवीन समुद्री माशांना विलगीकरणात प्रतिबंधक औषधे द्यावीत का, आणि कोणत्या क्रमाने?

प्रश्न

गेल्या वर्षी मी एक टँग मासा विलगीकरण न करता थेट प्रवाळांच्या टाकीत सोडला. तिसऱ्या दिवशी त्याचा श्वास जलद झाला, तो पंपाच्या प्रवाहासमोर तोंड करून उभा राहू लागला आणि अंगावर बारीक पिवळसर भुकटीसारखा थर दिसेपर्यंत वेळ निघून गेली होती. त्याच्यामागोमाग टाकीतले सगळेच मासे गेले. तेव्हापासून त्या टाकीत फक्त प्रवाळ आणि गोगलगायी आहेत.

आता एक यलो टँग, एक सिक्स-लाइन रॅस आणि एक मँडरिन आणायचा विचार आहे. ८० लिटरची वेगळी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पाइपचे तुकडे अशी तयारी झाली आहे. मासे वरवर निरोगी दिसले तरी तांबे, प्राझिक्वांटेल आणि एखादे प्रतिजैविक अशी तिन्ही औषधे पहिल्याच दिवशी एकत्र द्यावीत, असे मला सुचवण्यात आले आहे. हे योग्य आहे का?

पहिले उत्तर

आपल्या वर्णनावरून तो व्हेल्वेट, म्हणजे अ‍ॅमिलोओडिनियम असावा. हा परजीवी आधी कल्ल्यांत शिरतो, त्यामुळे अंग स्वच्छ दिसत असतानाच मासा गुदमरू लागतो. याच कारणाने टँगसारख्या माशाला केवळ नजरेखाली ठेवणे मला पुरेसे वाटत नाही आणि त्याला लक्षणे नसतानाही तांबे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिन्ही औषधे एकदम देऊ नयेत. प्रतिजैविक तर प्रतिबंध म्हणून मुळीच देऊ नये. जखम किंवा जिवाणूसंसर्ग दिसत नसताना ते दिल्याने औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होण्यास वाव मिळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात.

तांब्याचे काम नीट समजून घेतले, तर त्याचे वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. व्हाइट स्पॉट, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके आणणारा दुसरा आजार; त्याचा परजीवी माशाच्या कातडीत असताना तांबे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि तळाशी कोषात असतानाही पोहोचत नाही. कोषातून बाहेर पडून नवा मासा शोधत पोहत असतो, तेवढ्याच अवस्थेत तो मरतो. म्हणून पाण्यातील तांब्याची पातळी अखंड टिकवावी लागते. साधारणपणे ३० दिवस धरतात, आणि ते दिवस पूर्ण पातळी गाठल्यापासून मोजायचे. मध्येच ती खाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या बाटलीत कोणते तांबे आहे, हे आधी पाहा. साध्या कॉपर सल्फेटसाठी पातळी ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर असते, तर चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूंशी बांधलेल्या, तांब्यासाठी उत्पादनानुसार ती २ मिलिग्रॅमच्या आसपास जाते. हा फरक दहापट असल्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावणे जीवघेणे ठरते. चाचणी संचही त्याच प्रकारचे तांबे मोजणारा हवा. चिलेटेड तांबे असेल, तर मासे खाऊ लागल्यावर तीन-चार दिवसांत हळूहळू पातळी वाढवा. रॅससाठी ही सावकाशी विशेष आवश्यक आहे.

टाकीत वाळू, खडक किंवा कोळसा ठेवू नका. मी एकदा माशाला आडोसा म्हणून मृत प्रवाळाचा एक तुकडा ठेवला होता. रोज सकाळी औषध पुरे करायचो आणि दुसऱ्या सकाळी चाचणीचा रंग पुन्हा फिका. तो चुनखडीचा तुकडाच तांबे शोषत आहे, हे लक्षात यायला मला आठवडा लागला आणि तो आठवडा उपचारातून वजा झाला.

प्राझिक्वांटेल फ्लूकसाठी, म्हणजे माशाच्या कातडीवर व कल्ल्यांवर राहणाऱ्या चपट्या परजीवी कृमींसाठी, आहे. मात्रा २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून सुमारे आठवड्याने, अंडी फुटल्यावर, दुसरी मात्रा द्यावी. या काळात पाणी गढूळ होऊन प्राणवायू घटू शकतो, तेव्हा एअर स्टोन जोरात चालू ठेवा. मी हे औषध तांब्याचे दिवस संपल्यावर देतो, कारण मासा खायचा थांबला तर दोष नेमका कोणत्या औषधाचा, हे तरी कळते. फ्लूकची शंका लवकर फेडायची असेल, तर तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात माशाला चार-पाच मिनिटे ठेवा, तेही काळ्या तळाच्या भांड्यात. अंगावर पारदर्शक असल्याने न दिसणारे फ्लूक पांढरे पडून तिळाच्या टरफलांसारखे खाली गळतात.

दुसरे उत्तर

टँगबाबत मी सहमत आहे, पण मँडरिनला या टाकीत घालू नये. त्याच्या अंगावरचा जाड बुळबुळीत थर त्याचे बरेच रक्षण करतो. त्याचा खरा धोका उपासमारीचा आहे. तो दिवसभर बारीक जिवंत जीव टिपत असतो आणि ते तांब्याच्या पाण्यात टिकत नाहीत. त्याच्यासाठी टाकीबदल पद्धत पाहा: दर ७२ तासांनी मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या भांड्यात नव्या पाण्यासह हलवायचा, असे चार वेळा. व्हाइट स्पॉटचा कोष मागेच राहतो. व्हेल्वेटची खात्री मात्र ही पद्धत देत नाही, म्हणून पुढे काही आठवडे निरीक्षण ठेवावेच लागेल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मँडरिन तूर्त आणलेला नाही. टँग आणि रॅस चिलेटेड तांब्यात आहेत, पातळी २ आहे. आज टँगने अन्न तोंडात घेऊन टाकून दिले आणि अमोनिया ०.५ आला. अमोनिया बांधून ठेवणारे वॉटर कंडिशनर घालू का?

पहिले उत्तर देणाऱ्यांकडून

कृपया घालू नका. अशा बऱ्याच द्रावणांतील क्षपणकारी (रिड्यूसिंग) द्रव्ये तांब्याचे रूप पालटून ते माशांना अधिक विषारी करतात. त्याऐवजी आजच निम्मे पाणी बदला. नवे पाणी तापमान आणि क्षारतेत जुळवा आणि त्यात तांबे आधीच २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने मिसळा, म्हणजे टाकीतली पातळी हलणार नाही. उरलेले अन्न लगेच काढा आणि उद्या अमोनिया व तांबे दोन्ही मोजा. टँगचे न खाणे अमोनियामुळे असेल, तर एक-दोन दिवसांत फरक दिसेल. फरक पडला नाही, तर पातळी औषधाच्या वेष्टनावरील खालच्या मर्यादेपर्यंत आणा, पण त्याखाली जाऊ देऊ नका.