बाबांच्या साठीचं जेवण अन् वाइन, मदत हवी आहे

भाऊ-ताईहो, रविवारी बाबांची साठी हाय, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावीच घरी मस्त मांडून जेवण करून राहिली मी, जन्मभर कापसात राबले पण निवांत बसून असं कधी जेवलेच नाही ते.

पाटोडीचा रस्सा, गोळाभात, शेवटी पुरणपोळी. नाशिकची शेनिन ब्लाँ (पांढरी वाइन) अन् शिराझ (रेड वाइन) आणली. रेडमधल्या टॅनिननं, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकानं, तिखट जास्त झोंबते म्हणतात, मग रश्श्यासोबत थंड शेनिनच देऊ ना? शिराझ कशासोबत लावू? पुरणपोळीपेक्षा वाइन कमी गोड असली तर आंबट लागते, म्हणून लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन) मागवू का? अन् संध्याकाळी लाइट जाते, तर बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत किती वेळ ठेवू? बाबांनी वाइन कधीच घेतली नाही, पहिला घोट त्यायले आवडलाच पाह्यजे.