1947 साली एका रुपयाला एक डॉलर? तसं नव्हतंच

निवृत्त_बँकवाला:
दर 15 ऑगस्टला फिरणारा निरोप यंदाही सोसायटीच्या ग्रुपवर आला : 'स्वातंत्र्य मिळालं तेव्हा रुपया डॉलरच्या बरोबरीचा होता, आज बघा कुठे नेऊन ठेवलाय.' परकीय चलन विभागात 29 वर्षं काढलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे 1 शिलिंग 6 पेन्स (एकूण 18 पेन्स, पौंडाचे पेन्स 240), म्हणजे पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. आणि पौंड 4.03 डॉलरचा. भागाकार करा, डॉलर सुमारे 3 रुपये 31 पैसे येतो.

सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पौंड 2.80 डॉलरवर आणला, मागोमाग आपणही उतरलो आणि डॉलर 4.76 झाला. पुढची पावणेसतरा वर्षं तो तिथेच. 6 जून 1966 ला एकदम 7.50. आता सांगा, त्या पावणेसतरा वर्षांत रुपया मजबूत होता का? परवान्याशिवाय यंत्राचा सुटा भागही आणता येत नव्हता. दर सरकारने धरून ठेवला होता, म्हणून हलत नव्हता. दराच्या आकड्यावरून देशाची पत मोजू नये, या मताचा मी आहे.

मुलीचा_बाबा:
इतिहास मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही. मुलगी 2021 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला गेली. फी वर्षाला 20,000 डॉलर. पहिल्या वर्षी डॉलर 74 च्या आसपास, म्हणजे 14 लाख 80 हजार. 2023 ला तो 83 वर गेला आणि त्याच फीचे 16 लाख 60 हजार झाले. कॉलेजने एक डॉलर वाढवला नाही, तरी माझे 1 लाख 80 हजार गेले. त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं. 'आकड्याला अर्थ नाही' हे ज्याला डॉलर विकत घ्यावे लागत नाहीत त्याने म्हणावं.

जळगावकर_कापूस:
बाबा, तुमचा त्रास खरा आहे. पण महाग रुपयाने कोणाचं भलं होतं हेही बघा. 1920 च्या दशकात एका रुपयाला '16 पेन्स की 18 पेन्स' या वादावरून मुंबईत रान पेटलं होतं. ब्रिटिश सरकारने चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने 18 पेन्सची शिफारस केली, तर आयोगात बसलेल्या मुंबईच्या कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी 16 च्या बाजूने वेगळं मत नोंदवलं. फरक असा : 100 पौंड किमतीचा कापूस विलायतेत विकला तर 16 पेन्सच्या दराने 1500 रुपये हातात, 18 च्या दराने 1333. शेतकऱ्याच्या मालाचे 167 रुपये जागच्या जागी गेले! उलट, पगारातून विलायतेला पैसे धाडणाऱ्या साहेबाला प्रत्येक रुपयामागे दोन पेन्स जास्त. 1927 ला कायदा झाला तो 18 चाच. आमच्याकडे कापूस पिकवणाऱ्याला महाग रुपयाचं कौतुक कधीच परवडलं नाही.

गिरणगाव_परळ:
थांबा, 16 पेन्सवाले सगळेच शेतकऱ्याच्या कळवळ्याने बोलत नव्हते. गिरणीमालकांना विलायती कापड महाग व्हायला हवं होतं. डॉ. आंबेडकरांनी 1923 साली लंडनहून छापलेल्या रुपयाच्या प्रश्नावरच्या ग्रंथात नेमकं हेच दाखवलं आहे : रुपया घसरला की निर्यातदाराला होणारा लाभ बाहेरून येत नाही, तो देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येतो. भाव आधी चढतात, मजुरी मागून येते. हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली होती. 'घसरला तरी चालतो' म्हणताना मजुराची बाजू आधी मांडा. आज तेल बाहेरून येतं. रुपया घसरला की त्याचा भार भाजीच्या टेम्पोपर्यंत येतो.

मुलीचा_बाबा:
अगदी हेच! आणि जपानचं काय? 1949 ला डॉलरला 360 येन. 1995 मध्ये 80 च्या आत. त्याच काळात आपण 4.76 वरून तिशीपार. हे पत घालवणं नाही तर काय?

निवृत्त_बँकवाला:
जपानचं उदाहरण चांगलं आहे, पण येन 360 वर 1971 पर्यंत होता आणि त्याच स्वस्त येनवर त्यांनी कारखाने उभे केले. आधी माल विकला गेला, येन नंतर चढला. आपण उलटं केलं. आधी दर धरला आणि 1966 ला सोडला तेव्हा हाताशी विकायला फारसं काही नव्हतं. वर लागोपाठ दोन दुष्काळ. रुपयाची किंमत 36.5 टक्क्यांनी उतरली असं सांगितलं गेलं, पण आयात करणाऱ्याला डॉलर 57.5 टक्क्यांनी महाग पडला. एकच गोष्ट, फक्त कुठून मोजता त्यावर आकडा बदलतो.

1991 लाही तेच. 1 आणि 3 जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचा दर उतरवला, आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं जवळपास 47 टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला तारण गेलं. तो महिना काउंटरवर काढलाय, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

परळकरांचा मुद्दा मात्र मी मानतो. आपल्याकडची महागाई अमेरिकेपेक्षा वर्षानुवर्षं जास्त राहिली, म्हणून रुपया झिजला. दोष द्यायचाच तर महागाईला द्या, ती मजुराला आधी मारते.

मुलीचा_बाबा:
बरोबरीच्या दराचा तो निरोप मीही भावकीच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. आज तिथे 3 रुपये 31 पैशांचा हिशेब टाकतो. पण झिजणं वेगळं आणि दोन वर्षांत नऊ रुपये वेगळे. कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत, या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.