खाणी पुन्हा सुरू होताना गावाने हिशेब कसा मांडावा?

प्रश्न (डिचोली तालुका, गोवा)

आमच्या घरी खनिज वाहतुकीचा एक ट्रक होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबवले, तेव्हा तो दारात उभा राहिला आणि वडिलांनी आईचे दागिने मोडून कर्ज फेडले. मात्र त्याच काळात, पूर्वी मार्चमध्ये तळ गाठणारी आमची विहीर मे अखेरपर्यंत पाणी देऊ लागली. आता नव्या लिलावांनंतर खाणी पुन्हा सुरू होत आहेत आणि ग्रामसभेत नेमके काय मागावे हे मला ठरवता येत नाही. रोजगार आणि पाणी एकाच तराजूत तोलता येतात का?

उत्तर १

आपल्या विहिरीचा अनुभव योगायोग नसावा. गोव्यातील भुकटीच्या स्वरूपातील लोहखनिज सच्छिद्र असते, म्हणजे जो थर खणून काढायचा तोच बऱ्याच ठिकाणी पाणी धरून ठेवणारा थर असतो. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की तळ कोरडा ठेवण्यासाठी सतत पंप चालवावे लागतात आणि आजूबाजूच्या झरी व विहिरी आटतात. झरीच्या पाण्यावरची वायंगण शेती (पावसाळ्यानंतरचे भाताचे पीक) आणि कुळागरे (पोफळी-नारळाच्या बागा) यांचे नुकसान आधी होते, कारण त्यांना उन्हाळ्यातच पाणी लागते. पावसाळ्यात टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहून आलेला गाळ भाताच्या शेतात बसतो, तो वेगळाच. म्हणून उत्खननाची खोली आणि पंपाने उपसलेल्या पाण्याची नोंद, या दोन गोष्टी ग्रामसभेने आधी मागाव्यात. किती टन खनिज काढले याचे आकडे सगळे विचारतात, किती पाणी उपसले हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

उत्तर २

खनिज विकून येणारा पैसा हे उत्पन्न नव्हे, ती वडिलोपार्जित मालमत्तेची विक्री आहे, असे मी मानतो. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याच्या १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठीच्या कायमस्वरूपी निधीत जमा करण्यास सांगितले, त्यामागे हेच तत्त्व आहे. या निधीची गल्लत जिल्हा खनिज निधीशी करू नये. लिलावाने दिलेल्या पट्ट्यांकडून (खाणींच्या भाडेकरारांकडून) जिल्हा निधीत रॉयल्टीच्या, म्हणजे खनिजासाठी सरकारला द्यायच्या मोबदल्याच्या, १० टक्के रक्कम येते; लोहखनिजावरील रॉयल्टी विक्रीमूल्याच्या १५ टक्के धरली, तर ती रक्कम विक्रीमूल्याच्या अवघी दीड टक्का भरते. बाधित गावांसाठी खर्च व्हायचा पैसा हाच आहे आणि तो कुठे खर्च झाला हे विचारण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही पुढील पिढीचा निधी आजची चूल पेटवत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले, तेव्हा ट्रकमालक, चालक, बार्जवरचे (खनिज नदीतून नेणाऱ्या सपाट नौकांवरचे) कामगार आणि गॅरेजवाले एकाच वेळी बेकार झाले. चूक मूळ भरभराटीच्या रचनेत होती, असे माझे मत आहे. चीनच्या मागणीमुळे हलक्या प्रतीचे खनिजही खपू लागले, २०१०–११ मध्ये निर्यात ५ कोटी टनांच्या आसपास पोहोचली आणि ही गती कायम राहील असे समजून लोकांनी कर्जे काढली. वार्षिक मर्यादा पर्यावरणवाद्यांची अट म्हणून ट्रकमालकांना नकोशी वाटते, पण तोच साठा संथपणे काढला तर काम अधिक वर्षे टिकते, हे आपल्या वडिलांसारख्या अनुभवी माणसाने ग्रामसभेत सांगितले तर ते ऐकले जाईल. नवे ट्रक घेण्याआधी गावात आधीच किती आहेत, हेही मोजावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना तिन्ही उत्तरे वाचून दाखवली. खोलीचा मुद्दा त्यांना लगेच पटला, कारण खाणीच्या तळाशी रात्रंदिवस चालणारे पंप त्यांनी स्वतः पाहिले आहेत. मर्यादेबाबत मात्र ते अजून साशंक आहेत. नव्या उत्खननाचा परिणाम पुढे सिद्ध करायचा, तर आधीची पातळी लिहून ठेवलेली हवी, असे त्यांनीच सुचवले. म्हणून आमच्या वाड्यावरील विहिरींची पाणीपातळी येत्या उन्हाळ्यापासून दर पंधरवड्याला मोजून पंचायतीत नोंदवावी, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. जिल्हा निधीच्या खर्चाचा तपशील मागणारा अर्जही त्याच बैठकीत देऊ.