इन्व्होल्यूट, सुतळी आणि दुधाच्या पावडरचा डबा (बी विंग ग्रुप, मुलुंड)

३०२, ताई: नमस्कार. सोसायटीच्या ग्रुपवर वेगळंच विचारतेय, राग मानू नका. मुलाला वर्तुळाच्या इन्व्होल्यूटची पॅरामेट्रिक समीकरणं काढायची आहेत. सकाळपासून बसलाय, पुस्तकाशी जुळत नाही. परवा टेस्ट आहे. कुणाला येतं का?

५०१, काका: राग कसला ताई! भांडुपला हॉबिंग मशीनवर गिअर कापण्यात माझी नोकरी गेली. आमचा प्रत्येक दात इन्व्होल्यूटच. फोन त्याच्याकडे द्या.

३०२: काका, मी बोलतोय. क्षमध्ये मला ‘कॉस थीटा वजा थीटा साइन थीटा’ येतं. पुस्तकात अधिक आहे.

५०१, काका: वही मिट. घरात गोल डबा आहे का? त्याला सुतळी गुंडाळ, मोकळं टोक घड्याळातल्या ३ च्या जागी ठेव आणि टोकाला पेन्सिल बांध. डबा कागदावर घट्ट धर आणि सुतळी ताणलेली ठेवून उलगडत जा, घड्याळाच्या उलट दिशेने. पेन्सिल काढेल तो इन्व्होल्यूट.

सचिव: उद्या टाकी धुणार आहेत. ११ ते २ पाणी बंद. कृपया भरून ठेवा.

३०२: काका, काढला. दुधाच्या पावडरचा डबा, व्यास ८ सेंमी.

५०१, काका: छान. सुतळी डब्याला जिथे शेवटची टेकते तो बिंदू १२ वर आण आणि थांब. आता सुतळी कुठल्या बाजूला आहे?

३०२: उजवीकडे, आडवी.

५०१, काका: तुझ्या समीकरणात थीटा ९० अंश घाल. क्ष ऋण येतो, म्हणजे सुतळी डावीकडे गेली. चूक तिथेच आहे बाळा, बाकी तुझं बरोबर असणार.

आता नीट मांडू. केंद्र शून्यावर, त्रिज्या त्रि. टेकण्याचा बिंदू ३ च्या जागेपासून जितका फिरला तो कोन थीटा. टेकण्याचा बिंदू (त्रि कॉस थीटा, त्रि साइन थीटा). सुटलेली सुतळी म्हणजे डब्यावरून उलगडलेला कंस, लांबी त्रि × थीटा. थीटा रेडियनमध्येच हवा, अंश घातलेस तर हे खोटं ठरतं. सुतळी स्पर्शिकेवर असते, म्हणजे त्रिज्येला काटकोनात. काटकोनी दिशा दोन. टेकण्याचा बिंदू पुढे सरकतो ती (वजा साइन, कॉस), तू ती धरलीस. पण सुतळी मागे राहते, जिथून सुटली त्या बाजूला. म्हणून (साइन, वजा कॉस). ती त्रि × थीटाने गुणून टेकण्याच्या बिंदूत मिळव:

क्ष = त्रि (कॉस थीटा + थीटा साइन थीटा)
य = त्रि (साइन थीटा − थीटा कॉस थीटा)

३०२: आलं!! म्हणजे ड्रॉइंगमध्ये वर्तुळाचे १२ भाग करून प्रत्येक स्पर्शिकेवर पाय डी भागिले १२ च्या पटीत अंतर घेतो, ते हेच?

५०१, काका: अगदी हेच. कंपासने तू त्रि × थीटाच मोजत होतास.

७०४, वहिनी: काका, पण गिअरच्या दाताला हाच आकार का?

५०१, काका: वहिनी, हे मला फार आवडतं, सांगतोच. समीकरणांचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की (त्रि थीटा कॉस थीटा, त्रि थीटा साइन थीटा) येतं. म्हणजे पेन्सिल नेहमी सुतळीला काटकोनात सरकते. दोन गिअर एकमेकांत बसले की त्यांचे दात ज्या रेषेवर टेकतात ती दोन्ही बेस सर्कलची (ज्या वर्तुळावरून दाताचा इन्व्होल्यूट उलगडतो, आपल्या डब्यासारखं) सामाईक स्पर्शिका, जणू एका रिळावरून दुसऱ्या रिळावर ओढलेला दोरा. म्हणून वेगाचं गुणोत्तर कायम राहतं. बेअरिंग झिजून गिअर जरासे लांब गेले तर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, वाढतो, आवाज येतो, पण गुणोत्तर ढळत नाही. १७ व्या शतकात डच शास्त्रज्ञ हायगेन्स लंबकाच्या घड्याळापायी या वक्रांमागे लागले, दातांसाठी इन्व्होल्यूट गणितज्ञ ऑयलर यांनी १८ व्या शतकात सुचवला. हॉब, म्हणजे दात कापणारं हत्यार, फिरताना दाताची ही कड आपोआप उतरते, ते पाहत मी तासन्‌तास उभा राहिलोय.

३०२: काका, ९० अंशाला सुतळी ४ × १.५७ = ६.२८ यायला हवी. पट्टीवर ६.४ येते.

५०१, काका: सुतळी किती जाड आहे?

३०२: २ मिमी.

५०१, काका: मग तिच्या मध्यरेषेची त्रिज्या ४.१ धर.

३०२: ६.४४!

५०१, काका: आता पूर्ण फेरी उलगड. पेन्सिल ३ वाजल्याच्या बिंदूच्या सरळ खाली २५.८ सेंमीवर यायला हवी. कागद मोठा घे.